गस्त

पोत्यावरची अक्षरं मिलमध्ये कुणालाच लागत नाहीत.
मुनीमजी म्हणतात मोझांबिक,
हमाल खाजामियाँ म्हणतो मुजंबी.
तूर काही बोलत नाही,
लातूरच्या तुरीपेक्षा अंगानं बारकी, जरा फिकट.

या खेपेला जहाज एकोणीस दिवस उशिरा.
चाळण्या थांबल्या, पट्टे उतरवून ठेवले.
आम्ही निवडणाऱ्या बाया पत्र्याच्या सावलीला
जुन्या बारदानाला ठिगळं लावत बसलो.
मुनीमजी फोन कानाला धरून
आडत बाजाराकडं तोंड करून उभे,
जणू समुद्र तिकडंच आहे.

व्यंकट, माझ्या भावाचा पोरगा, तटरक्षक दलात आहे.
बंदुकीजवळ नाही, पडद्याजवळ बसतो.
म्हणाला, आत्या, वाटेत लुटारू होते.
होडी बारकी, मासेमारीची वाटली, कुणी हटकली नाही.
मग एका देशाला ती खटकली, त्यानं दुसऱ्याला सांगितलं,
दुसऱ्यानं तिसऱ्याला.
जहाज वळवून एका बेटाआड उभं केलं,
इथपर्यंत एकाची बोट, पुढं दुसऱ्याची,
असं हातोहात आणलं.

मी विचारलं, त्या सगळ्यांचं जमतं का रे आपसात?
हसला. म्हणाला, कुठं जमतं.
कुणाचा कुणाच्या जाळ्यांवरून तंटा,
दोघांचा तर एका खडकावरून अबोला.
तरी रात्री अडीचला फोन उचलतात.

मग मला नकाशाची गरज उरली नाही.

भूकंपानंतरच्या त्या हिवाळ्यात
आम्ही शेडात, भांडीकुंडी उघड्यावर,
आणि रोज चोरांची आवई.
तेरणेच्या पलीकडचं गाव आणि आमचं गाव
एका बांधावरून तीन पिढ्या कोर्टात,
सोयरीक बंद, जत्रेत नारळसुद्धा वेगळे.
पण चोराला शीव कुठं ठाऊक असते?
एका रात्री पलीकडून बॅटरी लागली. एकदाच.
आमच्या आबांनी तंबाखू मळली,
बराच वेळ मळली,
थुंकले,
आणि एकदा लावली.
कुणी कुणाशी बोललं नाही, तरी ठरून गेलं:
एकदा म्हणजे सगळं ठीक,
दोनदा म्हणजे तुमच्याकडं येतंय.
कोर्टाची तारीख मात्र कुणी सोडली नाही.
तारखेला एकाच एस.टी.नं जायचे,
पुढच्या आणि मागच्या सीटवर, खिडकीबाहेर बघत.

आता खरं सांगते.
जहाज लागलं की भाव उतरतो.
दादाची सात कट्टे तूर घरातच आहे,
चढेल म्हणून थांबलाय.
पोरगा जहाज राखतो,
बाप म्हणतो अजून लांबू दे,
आणि माझी हजेरी त्याच जहाजावर.
सांजवात लावताना मी कुणाच्या बाजूनं हात जोडू?
व्यंकटला विचारलं तर म्हणाला,
आत्या, भावाचं तुम्ही बघा,
माणसं घरी पोचावीत एवढंच आमच्याकडं आहे.
त्या जहाजावर एकवीस जण होते.
मुनीमजींच्या वहीत पोती आहेत, वजन आहे, तूट आहे.
ते एकवीस कुठल्याच रकान्यात नाहीत.

काल ट्रक आला.
पोतं पुढ्यात पडलं, तोंडाची शिवण उलट्या हाताची.
तिकडं कुणीतरी डावखुरं आहे.
खाजामियाँ आकडा घेऊन आला, मी म्हटलं, थांब जरा.
गाठ सापडली, ओढली,
सगळा दोरा सरसर सुटून हातात आला, अख्खा.
बोटाला गुंडाळून ठेवला. ठिगळांना होईल.
तुरीतून एक तांबडा खडा निघाला,
आपले खडे काळे असतात.
डब्यात काळ्यांवर पडला,
टण्ण.

बाहेर मुनीमजींनी भाव पुकारला.
कमरेला फोन वाजायला लागला, दादाचा.
पदराला हात पुसले
आणि उचलला.