नोंद क्रमांक अकरा हजार चारशे सहा

वसमतच्या वाचनालयात तिच्या दोनच प्रती आल्या.
एक पहिल्याच आठवड्यात गेली ती गेलीच.
उरली ही. पाठीला खाकी कागद मीच लावलाय.
लेखकाचं नाव मोठं.
त्यांची भुतं आमच्या गावात पंचवीस वर्षं घरोघर जातात,
थकलेली वर्गणीसुद्धा त्यांच्यासाठी खिशातून निघते.

ह्या खेपेला मात्र धड भूत नव्हतं.
एक मेलेला सारंगिया होता,
आणि बावीस श्रुती संपल्यावर
कुठंतरी लपलेली तेविसावी.
ती ज्याच्या कानी पडेल
त्याला गेलेल्यांचे आवाज परत मिळतात,
जित्यांचे जातात.

मोंढ्यातले मुनीम कानबाराव पुस्तक टेबलावर आपटून म्हणाले,
"भ्याच वाटलं नाही राव. तीनशे पानं नुसतं रें रें."
पण त्यांच्या हळदीच्या अंगठ्याचा ठसा
शेवटच्या पानापर्यंत आहे. मी मोजलंय.

खराटे गुरुजींनी रिटायर झाल्यापासून
कानात यंत्र घातलंय, लाल पेन खिशातच आहे.
समासात लिहून ठेवलं: निव्वळ अंधश्रद्धा.
तीन ठिकाणी. चौथ्या ठिकाणी नुसतीच रेघ,
ओळीखाली, हलक्या हातानं.

पेट्या दुरुस्त करणारे दस्तगीरभाई तर चिडलेच.
"सारंगी बोटाच्या पेरानं वाजवतोय ह्यांचा माणूस!
नखानं वाजते ती, नखाच्या मुळानं.
कामून लिहिता मग, माहीत नाही तं?"
आणि पुस्तक तीनदा नव्यानं नावावर घेतलं.
पंचेचाळीस दिवस.

नंदा सवंडकर काहीच बोलली नाही.
परत करताना एवढंच विचारलं,
"दुसरा भाग येणार आहे का?"
मी म्हणालो, माहीत नाही.
"नको यायला," म्हणाली.

पोलीस भरतीच्या दोन पोरी
दिवा लावून झोपल्या म्हणे आठ दिवस,
आणि मैदानावर सगळ्यांना सांगत सुटल्या, वाचा वाचा.

मग दोनशे अकरावं पान गेलं.
ब्लेडनं, सरळ.
तेच, जिथं तो अखेर गज उचलतो.
रजिस्टरवरून चोर सापडेना,
गावाचे मात्र दोन तट पडले:
पान असताना वाचलेले, आणि नसताना.
नसतानाचे म्हणत, काय पुस्तक आहे!
असतानाचे हसत, तुम्ही वाचलंच काय?
कानबारावांना त्या पानावर पहाट आठवे,
गुरुजींना विहिरीच्या तळाचा आवाज,
दस्तगीरभाईंना सुरांची अख्खी बांधणी,
बोटानं टेबलावर दाखवत.

प्रकाशकाला कार्ड टाकलं. दोन महिन्यांनी
त्या पानाची झेरॉक्स आली.
खळ लावून मी ती चिकटवली, वर वजन ठेवलं.
पान ते. पण चारच ओळी.
त्यानं गज उचलला. कंदील विझला.
दाराशी कुणी तरी चपला काढल्या.
प्रकरण संपलं. खाली कोरं.

दस्तगीरभाईंनी उभ्याउभ्याच वाचलं.
पान उलटून मागं पाहिलं, उजेडाला धरलं.
"हे नाही."
हेच आहे भाई, शिक्का बघा.
"मग मी काय वाचलो होतो?"
मी म्हणालो, उशीर झाल्याचे बारा रुपये होतात.
त्यांनी दिले. सुटे होते.

आता ते कपाटात आहे, खालून दुसऱ्या फळीवर.
लोक येतात, चिकटवलेलं पान चाळतात,
काही म्हणतात, ते काढून टाका, आधी बरं होतं.

साडेआठला मी पंखे बंद करतो.
ट्यूबचा चोक तेवढा गुणगुणत राहतो,
पांढरी चार, असं दस्तगीरभाई एकदा म्हणाले होते.
मी बटण दाबतो. तो थांबतो.
कुलूप लावेपर्यंत
मी आपला किल्ल्या वाजवत राहतो, उगीच.