बांगडा गायब!

कालावलच्या खाडीपलीकडे शाळा, अलीकडे घर,
मधल्या पाण्यावरती चालते अंकुश तारीची तर.
हाच मामा वर्षातून एकदा, जत्रेत, जादूगार:
काळा कोट, लाल रुमाल, मिशीला तेल फार.
उरलेले तीनशे चौसष्ट दिवस जातात वल्हं मारून,
आणि कोटात झोपते मनी, टुम्म पोट पसरून.

तरीच्या टोकावर ठिय्या देऊन एक मुलगी बसलेली.
(मीच ती. चैताली मालंडकर, चौथी, पुढचे दात नसलेली.)
"मामा, जादू शिकव!" म्हटलं. तो हसला मिशी पिळून.
"फी लागतली. रोजचो एक बांगडो, खरपूस तळून.
आणि तरीत साचलेला पाणी उपसूक व्हया, गो!"
मी म्हटलं, बरं. आमच्या घरी बांगडे मोजतंय कोण हो?

धडा पहिला: नाणं गायब. मुठीत धरलं, फुंकर मारली,
मंत्र म्हटला, "तिरफळ, कोकम, काजूची बी, सुकी करली!"
मूठ उघडली. खरंच गायब! माझ्या उड्या. मामा गप्प.
"जादू नाय ती, बाये. ता पडला खाडयेत. टप्प."

धडा दुसरा: रुमालातून कबूतर काढायचं. ते कुठलं?
शेवंतकाकूच्या परड्यातलं कोंबडंच मग उचललं.
रुमाल टाकला, मंत्र म्हटला, रुमाल ओढला झटकन:
कोंबडं तिथंच. खाली अंडं. आणि काकू हजर पटकन!
"कोंबडी माझी, अंडा माझा, रुमालय ठेवतंय मी!"
अशी मामाच्या पेटीतली एक वस्तू झाली कमी.
(म्हणजे रुमाल गायब झाला. ही जादूच की नाही?)

तिसरा धडा महिन्याभरानं. वल्हं थांबवलं. म्हणाला, "बघ,
हात काय करतंत ता सोड. डोळे खंय आसत ता बघ.
तू वर बघलंस की सगळो गाव वर बघतलो. मग..."
"मग काय?"
"मग खाली व्हया ता कर."
एवढंच. पुढे खाडीभर गप्प. चालत राहिली तर.

आलं शाळेचं संमेलन. माझ्या अंगात मामाचा कोट,
जमिनीवर लोळणारा. पहिल्या रांगेत सरपंचांचं पोट,
त्यामागे सरपंच. कोटाचे खिसे जड, उबदार, मोठे.
म्हटलं, असेल सामान मामाचं. दोरे, पत्ते, गोटे.
टेबलावर बांगडा. बांगड्यावर टोपली पालथी.
"तिरफळ, कोकम..." म्हणत मी एकदम मान केली वरती:
"अगोबाई, घार!"
सगळ्या माना वर! बाईंची, शिपायाची, सरपंचांची पार.
आता बांगडा बाहीत ढकलायचा. टोपली केली तिरकी...
आत काहीच नाही.
टेबलाखालून मनी गेली, मारून एक गिरकी.

टोपली उचलली. रिकामी! टाळ्या, शिट्ट्या, ओरड.
"शाब्बास! आता परत आण!" हेडसर. माझ्या घशाला कोरड.
काय करू? खिशात हात घातला. काहीतरी मऊ हललं,
"म्यांव" म्हणत एक पिल्लू टेबलावर उतरलं.
दुसऱ्या खिशातून दुसरं. मग तिसरं, जांभई देत.
आणि शेवटी पडद्यामागून आली मनी ऐटीत,
तोंडात बांगड्याचं डोकं!
सरपंच उठून उभे राहिले. खुर्ची पण उठली, चिकटून.

संध्याकाळी तरीत मामा. हातात फीचा बांगडा, गरम.
"मांजरां खंयसून काढलंस गो? माका सांग तरी मर्म!"
मी काही बोलले नाही. फक्त बघितलं आभाळात.
"मामा, ती बघ, केवढी घार!"

(बांगडा छान झाला होता. तिखट जरा होतं फार.)