चोवीस दात

अँतेल्म बोनाझच्या फणीला चोवीस दात.
बॉक्सवुडचं पिवळं, हट्टी लाकूड,
ज्युराच्या उतारावर शंभर वर्षांत मनगटाएवढं होणारं.
एक दात मोडला की चोवीसही गेले.

मग शिंगं आली, पोत्यांतून,
कुठल्या कुठल्या बैलांची.
उकळायची, उलगडायची, दाबून सपाट करायची.
गावभर असा वास
की पाहुणे एका रात्रीत निघून जात.
लाकूड ऐकतं, अँतेल्म म्हणायचा,
शिंगाची समजूत काढावी लागते.

मग कापूर.
म्हणजे सेल्युलॉइड; पण कापताना वास कापराचा
आणि पेटायचंही कापरासारखंच,
मागे काही न ठेवता.
बाकांखालून पाण्याचे पाट काढले,
भुसा पडला तर पाण्यातच पडावा.
तरी धाकट्या क्लोव्हीच्या भुवया गेल्या,
त्या काही परत आल्या नाहीत.
गावातल्या घरांवर दुसरे मजले चढले
तेही त्याच वर्षांत.

आगीनं नाही बुडवलं. कात्रीनं बुडवलं.
तिकडे पॅरिसात बायकांनी केस कापले
आणि अंबाड्यात खोवायच्या बाराशे डझन फण्या
गोदामात तशाच.
वहीतल्या त्या पानावर सुनेनं, फिलोमेननं,
बेरीज केलेली नाही.
खाली नुसतं चित्र आहे:
आडवी धरलेली फणी, दात काढून टाकलेले,
उरलेल्या कमानीखाली दोन भोकं.
चष्मा.

आज रात्रपाळीला तिची पणती, ओदील.
एकोणीस सेकंदांना एक फ्रेम,
उचलायला रोबोचा हात.
मंगळवारी नवे दाणे आलेत, एरंडेलापासून केलेले;
जुन्या साच्यात ते केसभर जास्त आकसतात,
आणि तेवढ्यानं भिंग बसत नाही.
कंपनीचा इंजिनिअर पडद्यावरून नजर न काढता सांगतो,
तापमान वाढवा.
ओदील फ्रेम ओठांना लावते.
कड बोटाआधी ओठाला कळते, घरातली जुनी खोड.
"तापवू नका. साच्यात धरून ठेवा,
चार सेकंद जास्त."

चार सेकंद म्हणजे पाळीला अडीचशेवर फ्रेमा कमी.
मॅनेजर आकडा लिहितो,
खोडतो,
पुन्हा तोच लिहितो.

पुढची फ्रेम अजून गरम आहे.
ओदील फुंकर घालते,
कपाळावर आलेली आखूड बट
मनगटानंच मागे सारते.