नेली, घाई नको

टॉडमॉर्डनच्या चॅपेलमागचं स्वयंपाकघर,
आम्ही तिघं आणि उसना स्कॅनर.
कपाटातून निघतात स्वरलिपीचे दमट गठ्ठे,
कडेचे सूर उंदरांनी खाल्लेले.

ग्लेनिस म्हणते, कुणालाही फुकट उतरवता यावं,
रात्री दोनला, पार चिलीतसुद्धा.
क्लिफर्ड वहीत मरणाची सालं मांडतो:
सत्तर वर्षं उलटली, तरच संगीतकार सगळ्यांचा.
एकाला अजून चार बाकी.
म्हातारबुवा, थांबा जरा.

मग आल्टोच्या ओळीवर पेन्सिलीनं:
‘इथे श्वास. नेली, घाई नको.’

पुसायचं का? नेली कोण,
कुणालाच ठाऊक नाही.
क्लिफर्ड खोडरबर उचलतो,
ओळ हलकेच गाऊन बघतो,
आणि नेमका तिथेच
त्याला दम घ्यावा लागतो.

मी झाकण लावते.
स्कॅनरचा दिवा सरकतो, सावकाश.