साक्षीदार क्रमांक एक

साताऱ्यात, सैनिक कल्याण कार्यालयाच्या फाटकाबाहेर
माझं टेबल असतं.
पेन्शनचे अर्ज, हयातीचे दाखले,
हरवलेलं डिस्चार्ज बुक.
पानाला वीस रुपये. वीरपत्नीला फुकट.

मंगळवारी फडतऱ्यांची ऋतुजा आली.
सुट्टीवर होती, साध्या कपड्यांत,
चाल मात्र परेडची.
म्हणाली, काका, लष्कराचा कायदा बदलायचा म्हणून
सूचना मागवल्यात. माझी एक आहे.
मी बोलते तसं बोलते, तुम्ही सरकारी करा.

'तक्रार ज्याच्याकडे न्यायची
तोच माझी रजा मंजूर करतो,
तोच त्याचा गोपनीय अहवाल लिहितो,
आणि रात्री दोघं एकाच मेसमध्ये जेवतात.
ही फाइल त्या टेबलावरून उचला.
पलटणीबाहेरच्या कुणाकडं तरी द्या.'

बोटं टाइपरायटरवर ठेवली
आणि हलेनात.

ब्याण्णव साल. जबलपूर.
मिलिटरी हॉस्पिटलातली एक मुलगी, केरळची.
चार दिवस जबानी चालली, मी टाइप करत होतो,
मध्ये दोन कार्बन.
आरोपीला नाव होतं, हुद्दा, नंबर, मेडलं.
ती होती साक्षीदार क्रमांक एक.
साहेब म्हणाले, निकम, रडणं रेकॉर्डवर घ्यायचं नाही.
घेतलं नाही.
निकाल आला : तीव्र नाराजी.
तीन वर्षांनी पुसली जाते ती.
पुसल्याचा कागदही मीच काढला,
शुद्धलेखनाची एक चूक नव्हती त्यात.

आमच्या वेशीत एक दगड आहे.
पहिल्या महायुद्धाला गावातून किती गेले,
किती परतले नाहीत.
आकडेच. नावं नाहीत.
एरवी त्याला शेरडं बांधतात.

'काका, झालं?'
विचारलं, पोरी, तुझं स्वतःचं काही...
ती रस्त्याकडं बघत राहिली.
म्हणाली, कलम लिहा.

लिहिलं. आणि खाली एक जास्तीचं :
जिच्यावर गुदरलं तिला नुसती साक्षीदार समजू नये.
तिच्या बाजूला वकील बसावा.
निकालाची प्रत तिच्या हातात पडावी.
नाव झाकायचं की नाही, ते तिनं ठरवावं.

वाचून म्हणाली, हे मी सांगितलं नव्हतं.
म्हटलं, हे माझं आहे. माझीही सही घे.

दोन पानांचे चाळीस तिनं टेबलावर ठेवले.
राहू दे म्हटलं, तर ऐकेना.
'फुकट वीरपत्नींना ना?
मी कुणाची कोण म्हणून आले नाही.'

ती गेल्यावर कोरा कागद चढवला.
त्या मुलीचं नाव तरी एकदा टाइप करावं.
आडनाव नव्हतं बहुतेक,
पुढं नुसतं एक अक्षर होतं.
के.
किंवा पी.