बाविसावं पान

दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, नामूरला,
नदीकाठच्या त्या खानावळीत
जिथला बटाट्याच्या तळणीचा वास
कोटाला आठवडाभर सोडत नाही,
आम्ही चौघं एकमेकांना पकडायला बसतो.
चोवीस अल्बम पाठ. पुस्तक उघडायचं नाही.
हरणारा बिअर पाजतो,
जिंकणारा मिशीतल्या मिशीत हसतो.
जिस्लेनला मिशी नाही, तीही तशीच हसते.

"ओनोरीनच्या बोटीवरचा बगळा
दोन्ही पायांवर कधी उभा राहिला?"
सोपं. सहावा अल्बम, राष्ट्रगीत वाजतं तेव्हा.
"तिच्या नवऱ्याचं नाव?"
फसवं. नवरा नाहीच. बोटातली अंगठी
बगळ्याच्या पायातलं कडं आहे,
तिसऱ्या अल्बमात निसटलेलं.
"जकात-अधिकाऱ्याच्या शिंका किती?"
यावर ओदिलाँ आणि मी दीड तास भांडलो.
तो म्हणे एकशे बारा, मी म्हणे तेरा.
शेवटी कळलं, माझ्या आवृत्तीत
छापणाऱ्यानं एका रिकाम्या फुग्यात
जास्तीची शिंक कोंबली होती.
बिअर अर्धी अर्धी.

एकतीस वर्षं मी कालव्याची दारं उघडली-मिटली.
खऱ्या बोटी गेल्या समोरून, हजारोंनी,
एका कप्तानाचं नाव आठवेल तर शपथ.
पण ओनोरीनच्या स्वयंपाकघरात
कुठल्या खिळ्याला कुठली कढई, विचारा.

फिरमँचं कोडं मात्र दर नोव्हेंबरात तेच:
"नवव्या अल्बमात, बाविसाव्या पानावर काय घडतं?"

एकविसावर बोट धुक्यात शिरते.
तेविसावर ओनोरीन ओलीचिंब,
बगळ्याच्या चोचीत किल्ली.
मधलं पान त्याच्या प्रतीत नाही.
थोरल्या भावानं भांडणात फाडलं,
होडी केली, म्यूजमध्ये सोडली.
फिरमँ सात वर्षांचा,
काठाकाठानं पुलापर्यंत धावला.
भाऊ पुढं कॅनडाला, लाकडाच्या गिरणीत.
दोन पत्रं आली. मग तीही नाहीत.

नवी प्रत कुठल्याही दुकानात मिळते.
त्यानं घेतली नाही.
साठ वर्षं ते पान टाळतोय,
जशी एखाद्यानं एखादी गल्ली टाळावी.

म्हणून या कोड्याचा नियम उलटा:
खरं सांगेल तो हरला.
जिस्लेन म्हणते, किल्ली माशाच्या पोटात होती.
ओदिलाँ जकात-अधिकाऱ्याला बुडवतो, दर वर्षी, मजेनं.
मी एकदा म्हटलं, तळाशी दुसरी बोट आहे,
तिच्यावर ओनोरीनची आई भांडी घासतेय.
फिरमँ डोळे मिटून ऐकतो,
दहापैकी गुण देतो.
मला साडेसात मिळाले होते.

यंदा मिरेय आली, कालोंजींची धाकटी,
लुबुंबाशीच्या काकाच्या ट्रंकेतले
चोवीसही अल्बम कोळून प्यालेली.
पहिल्याच फेरीत ओदिलाँला लोळवलं:
"बगळ्याला नावानं पहिली हाक कोण मारतं?"
कुणीच नाही. ते नाव फक्त
त्याच्या बिस्किटांच्या डब्यावर आहे.

मग फिरमँनं त्याचं विचारलं.
"अहो, हे तर..." ती म्हणाली,
आणि जिस्लेनचा हात तिच्या मनगटावर पडला.
तिला सांगायचं राहूनच गेलं होतं.
मिरेयनं आमचे चेहरे एकेक करून पाहिले,
गोठलेल्या तळ्यावर पाय टाकण्याआधी
बर्फ चाचपावा तसे.
"हे तर... आमच्या प्रतीत ते पानच नाही.
काकाला बाजारात कुणी
त्यात मासे बांधून दिले होते."

फिरमँनं गुण दिलेच नाहीत.
बऱ्याच वेळानं विचारलं,
"कुठले मासे?"
"सुकवलेले," ती म्हणाली, "लहान. चांदीसारखे."
त्यानं मान हलवली,
जणू एवढंच हवं होतं,
आणि सगळ्यांची बिअर स्वतः मागवली.

बसथांब्यावर मी तिला गाठलं.
"खरंच नाही ते पान?"
तिनं गळपट्टा नाकापर्यंत ओढला.
"ओळखा," म्हणाली.

मला ओळखता आलं नाही.
डिसेंबरची एक बिअर माझ्या नावावर.