उजेड पाडणे

नौका मंडळाचा खजिनदार मी,
म्हणून खरेदी माझ्या गळ्यात.
अठराशे क्रोनर, वर एक नाही,
आणि तेवढ्यात भिंतीवर चित्र दिसलं पाहिजे.
भिंत मासळीच्या कोठाराची, उत्तरेकडची,
चार वर्षांपूर्वी पांढरी केलेली,
आता पांढरी म्हणायची.

चित्रं दोनशे अकरा,
पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या पारदर्शिका,
जकातीतल्या आस्लाकने आयुष्यभर काढलेल्या,
बिस्किटांच्या तीन डब्यांत.
डब्यांना अजून आल्याचा वास.

पहिलं यंत्र किर्केनेसच्या बंद पडलेल्या शाळेतलं,
काचेचं टेबल, वर मान वाकवलेला आरसा.
फुकट देत होते.
पण त्याला वहीच्या पानाएवढा ताव लागतो,
आमची चित्रं पोस्टाच्या तिकिटाहून जराशी मोठी.
अडीचशे किलोमीटर रिकामा परतलो.
फुकटालाही पेट्रोल लागतं.

दुसरं खिशात मावणारं, नवंकोरं,
खोक्यावर प्रकाशाचा आकडा असा
की वार्डोच्या दीपगृहाने लाजावं.
ग्रंथालयातल्या युरूनने घेतलं होतं तसलं.
तिने पडदे ओढून लावून दाखवलं:
बोटी होत्या, पण धुक्यातल्या.
"आकडा मोजतं कोण?" ती म्हणाली. "विकणाराच ना?"
शिवाय आधी सगळ्या पारदर्शिका स्कॅन करा,
त्याचे पैसे वेगळे.

तिसरं वाडसोला, एका निवृत्त दंतवैद्याकडे.
गोल चकतीत ऐंशी खाचा,
त्यातून तो वीस वर्षं लोकांना दाढा दाखवत आला.
मी पंखा ऐकला. घरघरत होता, पण फिरत होता.
भिंगाच्या कडेला नखाएवढी बुरशी,
ती मी त्याला तीनदा दाखवली.
दोन हजार म्हणाला. चौदाशेला तुटलं.
जर्मनीहून दोन बल्ब, एकशे ऐंशीला एक.
उरले चाळीस. त्याची कॉफी.

वीस जूनला, रात्री अकराला,
कोठारासमोर तीसेक माणसं, घोंगड्या, थर्मास.
वायर ओढली, बटण दाबलं.
पंखा घरघरला.
भिंत जशीच्या तशी.
समुद्रावर सूर्य हातभर उंच उभा,
आम्ही काय करतोय ते बघत.
अध्यक्ष एंगवाल्ड म्हणाला, "वा, काय उजेड पाडलास!"

बासष्ट वर्षं याच गावात काढली मी,
भिंग तपासलं, बल्ब तपासला, पंखा तपासला,
आणि अंधार धरून चाललो.

मग थांबलो.
दुकानात, धक्क्यावर, चर्चच्या दारात
ज्याला त्याला मला रात्रीची चौकशी करायची.
जुलै संपला. ऑगस्टमध्ये सूर्य बुडायला लागला
पण मनापासून नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी जमलं.
कॉडची मुंडकी टांगणाऱ्या बायका,
बर्फात रुतलेली टपालगाडी,
दात नसलेला एंगवाल्ड, वय सहा,
त्याच्यावर सगळे हसले, मी जरा जास्त.
फळ्यांच्या फटी सगळ्यांच्या तोंडावरून आडव्या.

चौतीसावं चित्र:
धक्क्याच्या खुंटावर बसलेला एक मुलगा,
टोपी उलटी, तोंडात पाव.
कोठाराची खिडकी नेमकी त्याच्या गुडघ्यावर.
मी पुढच्यासाठी बोट उचललं
तर मागून हाल्डिस म्हणाली, "थांब."

एवढंच म्हणाली.
तिचा भाऊ. बोट सापडली होती, पुढच्या वर्षी, रिकामी.

या बल्बचं आयुष्य पन्नास तास,
म्हणजे तासाला साडेतीन क्रोनरच्या वर,
हा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप झाला
आणि तिथेच राहिला.
कोणी खोकलं. कोणी थर्मासचं झाकण लावलं, हळू.
उष्णतेने पुठ्ठा फुगतो, चित्राला पोट येतं,
मुलगा विरघळायला लागला.
मी भिंग अर्ध्या बोटाने फिरवलं.
तो पुन्हा नीट बसला.